गुरुजींच्या घराचा इतिहास कसा लावायचा: ठाणे आणि नवी मुंबईच्या गावठाणांसाठी

घणसोली असो, दिवा असो की घोडबंदरकडचं एखादं गाव, जुन्या गावठाणात 'गुरुजींचं घर' किंवा 'मास्तरांचं घर' म्हणून एक घर दाखवतात. हे नाव ऐकून लगेच प्रॉपर्टी कार्ड काढायला धावू नका. गुरुजी राहत होते ते घर आणि गुरुजींच्या मालकीचं घर, या पुष्कळदा दोन वेगळ्या गोष्टी असतात. जमिनीच्या कागदांना फक्त मालक दिसतो, भाडेकरू किंवा पाहुणा दिसत नाही. शाळेच्या कागदांना गुरुजी दिसतात, पण ते कुठल्या छपराखाली झोपत होते ते दिसत नाही. शोधाचं सगळं काम या दोन दप्तरांचा सांधा जुळवण्याचं आहे, आणि तो जुळतो तारखांवर.

आधी घर कुठल्या जातीचं ते ठरवा

सर्वसाधारणपणे चार शक्यता असतात. पहिली, शाळेला लागून बांधलेली शिक्षकाची खोली: बांधणारं लोकल बोर्ड किंवा जिल्हा परिषद, जागा गावाची किंवा सरकारची. दुसरी, पाटलाच्या किंवा एखाद्या बऱ्या शेतकऱ्याच्या घराची ओटी-पडवी, जी गावाने गुरुजींना फुकट किंवा नाममात्र भाड्याने दिली. तिसरी, बदलीवर आलेले गुरुजी गावातच रमले आणि त्यांनी गावठाणात जागा घेऊन स्वतःचं घर बांधलं. चौथी, गुरुजी मुळात त्याच गावचे, घर वडिलोपार्जित, फक्त नाव नोकरीमुळे पडलं.

पहिल्या प्रकारात सातबाऱ्याच्या नादाला लागण्यात अर्थ नसतो, शाळेचं डेडस्टॉक रजिस्टर (शाळेच्या मालकीच्या वस्तूंची वही) आणि बांधकामाची मंजुरी शोधावी लागते. दुसऱ्या प्रकारात मालकाच्या वंशजांशी गोड बोलणं हाच राजमार्ग. तिसऱ्यात खरेदीखत सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त. चौथ्यात वारसनोंदी. प्रकार ठाऊक नसेल तर गावातल्या सत्तरी ओलांडलेल्या तिघांना स्वतंत्रपणे एकच प्रश्न विचारा: 'गुरुजी गेल्यावर त्या घरात कोण राहायला आलं?' त्यांचेच मुलगे-सुना राहिले, तर तिसरा किंवा चौथा प्रकार. पुढचे गुरुजी आले, तर पहिला. 'पाटलांनी धान्य ठेवलं' असं उत्तर आलं, तर दुसरा.

गाव कुणाकुणाच्या ताब्यात होतं

इथे सर्वांत जास्त वेळ वाया जातो, कारण या पट्ट्यातल्या गावांचे मालक-मुखत्यार सारखे बदलले आहेत. एका कागदावर गावाची कुंडली लिहून काढा.

१९६२ च्या १ मे रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. त्याआधीच्या गावच्या शाळा जिल्हा लोकल बोर्डाच्या आणि जिल्हा स्कूल बोर्डाच्या कारभारात होत्या. मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा एकदा १९२३ चा आणि मग १९४७ चा. म्हणून १९४० सालच्या गुरुजींसाठी जिल्हा परिषदेत अर्ज करताना 'लोकल बोर्डाकडून आलेलं जुनं दप्तर' असे शब्द घालावेत, नाहीतर 'आमच्याकडे नोंद नाही' असं उत्तर येतं आणि ते तांत्रिकदृष्ट्या खरंही असतं.

ठाणे महापालिका १९८२ ची. नवी मुंबई महापालिकेची स्थापना १९९१ च्या डिसेंबरातली, कारभार १९९२ पासून. गाव महापालिकेत गेलं तशी ग्रामपंचायतीची दप्तरं प्रभाग किंवा विभाग कार्यालयात गेली आणि मराठी शाळा पालिकेच्या शिक्षण विभागाकडे. शाळेचं नाव बदलून 'शाळा क्रमांक अमुक' झालं असेल, तर जुनं नाव आणि नवा क्रमांक दोन्ही लिहून ठेवा. दहिसर-मोरीकडची चौदा गावं तर नवी मुंबई पालिकेत गेली, बाहेर आली आणि पुन्हा आत घेतली गेली, तिथे एकाहून जास्त ठिकाणी विचारायची तयारी ठेवा.

पनवेल किंवा उरणच्या बाजूचं गाव असेल, तर जिल्ह्याचं मुख्य ठिकाण अलिबाग. त्या जिल्ह्याचं कुलाबा हे नाव १९८१ मध्ये रायगड झालं. जुन्या पोस्टकार्डावर 'जि. कुलाबा' दिसलं, तर ते कार्ड बहुधा त्याआधीचं. बहुधा म्हणायचं, कारण लोक जुनं नाव पुढेही बरीच वर्षं लिहीत राहतात.

शाळेच्या कपाटात काय मिळतं

हा शोधाचा सर्वांत रसाळ भाग आहे आणि बहुतेक जण तो शेवटी करतात. तो आधी करा.

मुख्याध्यापकांकडे तीन वह्या मागायच्या: जनरल रजिस्टर, शेरेबुक आणि डेडस्टॉक रजिस्टर. जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या दाखल-खारीजची वही, कायम जपायची असते, त्यामुळे इतर काही उरलं नसलं तरी ही वही असते. तिच्यात मुलांची नावं शोधायला आपण आलेलो नाही. दोन गोष्टी पाहायच्या.

एक, सह्या. एकशिक्षकी शाळेत दाखल्याच्या नोंदीवर सही करणारे तेच गुरुजी. सही कुठल्या तारखेच्या नोंदीपासून बदलते आणि कुठे पुन्हा बदलते ते टिपलं, की गुरुजींचा त्या गावातला काळ काही महिन्यांच्या फरकाने हाती येतो. मधे दोन-तीन महिने वेगळीच सही दिसली, तर ते बहुधा रजेच्या किंवा ट्रेनिंगच्या काळातले बदली शिक्षक. तिथे 'गुरुजी गेले' असं लिहून मोकळे होऊ नका.

दोन, गुरुजींची स्वतःची मुलं. ही युक्ती फार कमी जणांना सुचते. गुरुजींचं कुटुंब गावात आलं, की मुलं त्याच शाळेत दाखल होत. त्यांच्या ओळीत 'मागील शाळा' आणि 'शाळा सोडल्याचे कारण' हे रकाने असतात. समजा ओळ अशी आहे: दाखल १४-६-१९५४, इयत्ता तिसरी, मागील शाळेच्या रकान्यात मुरबाड तालुक्यातल्या एका गावची मराठी शाळा; सोडल्याची तारीख ३१-५-१९५८, कारण 'वडिलांची बदली'. एका ओळीत आधीची नेमणूक, कुटुंब आल्याचा हंगाम आणि गेल्याचा हंगाम मिळाला. फक्त एक चूक टाळा: ही तारीख कुटुंबाची आहे, गुरुजींची नाही. पुष्कळ शिक्षक आधी एकटे येत, पाटलाकडे किंवा देवळाच्या खोलीत राहत, आणि राहण्याची सोय झाल्यावर बिऱ्हाड आणत. सही १९५२ पासूनची आणि मुलगा १९५४ मध्ये दाखल, असं दिसलं तर त्या दोन वर्षांत गुरुजींचं घर वेगळं होतं, असा अर्थ निघतो. 'गुरुजींचं घर' म्हणून आज दाखवतात ते बहुधा १९५४ नंतरचं.

शेरेबुकात तपासणीला आलेल्या साहेबांचे शेरे असतात. जुने लोक त्यांना दिपोटी म्हणत. 'शाळा देवळात भरते', 'शिक्षकास राहण्यास जागा नाही', 'ग्रामस्थांनी खोली बांधून देण्याचे कबूल केले' अशी वाक्यं हाती लागली तर समजा सोनं सापडलं. शेऱ्याखालची तारीख आणि हुद्दा उतरवून घ्या. डेडस्टॉक रजिस्टरात शिक्षकाच्या खोलीचं कुलूप, कंदील, खाट, टेबल अशा वस्तू शाळेच्या मालमत्तेत लागलेल्या असतात. खोली शाळेची की खासगी, हे यावरून कळतं.

सेवापुस्तिका सर्वांत पक्की, पण ती गुरुजींची वैयक्तिक नोंद आहे. त्रयस्थाने माहिती अधिकारात मागितली तर नाकारली जाते आणि त्यात वावगं काही नाही. गुरुजींच्या वारसांनीच पेन्शनच्या कागदांबरोबर जपलेली प्रत आहे का, ते आधी विचारा. त्यात नेमणुका, बदल्या, प्रशिक्षण आणि पगारवाढी क्रमाने मिळतात. 'व्ह. फा.' म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल, जुनी सातवीची परीक्षा; ती उत्तीर्ण होऊन मास्तर होता येत असे. त्यापुढे प्रशिक्षित-अप्रशिक्षित असा भेद आणि त्याप्रमाणे पगार. अलीकडच्या काळातल्या शिक्षकांच्या बाबतीत घरभाडे भत्त्यासाठी मुख्यालयी राहत असल्याचे दाखले जोडलेले असतात. त्यात घरमालकाचं नाव असलं तर सांधा तिथेच जुळला.

आणखी एक दप्तर लोक विसरतात: पोस्ट. खेड्यात शाखा डाकघर चालवण्याचं काम अनेकदा शाळामास्तरांकडे असे. म्हणून गुरुजींच्या घराच्या ओटीवर टपालपेटीचे खिळे किंवा लाल रंगाचा चौकोन सापडू शकतो. नातेवाइकांकडे गुरुजींना आलेली जुनी पत्रं असतील, तर मजकुराआधी पत्ता वाचा. 'द्वारा' या शब्दापुढे घरमालकाचं नाव असतं. शिक्क्यावरची तारीख पुसट असेल तर भिंगाखाली तिरका उजेड टाकून पाहा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, तेव्हा पिन लिहिलेलं पत्र त्याआधीचं असू शकत नाही. पिन नसलेलं मात्र नंतरचंही असू शकतं.

जमिनीचे कागद: कुठला कागद काय सांगत नाही

गावठाणातल्या घराला सातबारा नसतो, हे पहिलं. सिटी सर्व्हे झाला असेल तर मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकांकडे किंवा नगर भूमापन अधिकाऱ्याकडे. त्यासाठी न. भू., म्हणजे नगर भूमापन, क्रमांक लागतो. तो माहीत नसेल तर गावठाणाच्या शिटवर, म्हणजे नकाशावर, विहीर, देऊळ किंवा चावडी शोधून तिथून घरं मोजत या.

मिळकत पत्रिकेवर 'मूळ धारक' असं लिहून पुढे साल असतं. लोक हे साल घर बांधल्याचं समजतात. ते चौकशीचं साल आहे: त्या साली सर्व्हेवाल्यांना तिथे कोण सापडलं, एवढंच. घर त्याच्या पन्नास वर्षं आधीचं असू शकतं. खालच्या तक्त्यात व्यवहाराची तारीख आणि 'धा', 'प', 'भा' अशी अक्षरं दिसतात: धारक, पट्टेदार (भाडेपट्ट्याने घेणारा), भार (कर्जाचा वगैरे बोजा). गुरुजी 'प' मध्ये सापडले तर ते मालक नव्हते. पत्रिकेइतकीच महत्त्वाची चौकशी नोंदवही. तिची नक्कल वेगळी मागावी लागते. हक्क कशावरून सांगितला, कागद दाखवला का, शेजाऱ्याने हरकत घेतली का, हे तिच्यात असतं.

नवी मुंबईतल्या अनेक गावठाणांचा सिटी सर्व्हे कित्येक वर्षं झालाच नव्हता. सिडकोने जमिनी घेतल्या, गावठाणं वगळली आणि आतली घरं कागदावर एका मोठ्या पट्ट्यासारखी राहिली. अशा ठिकाणी घरपट्टीचे उतारे हाच आधार, त्याकडे पुढे येऊ.

घर गावठाणाच्या बाहेर, शेताच्या नंबरात असेल तर सातबारा. हस्तलिखित जुना सातबारा घ्या, संगणकीकृत नको. जुन्यावर कंसात घातलेली नावं कमी झालेली असतात आणि वर्तुळातले आकडे फेरफारांचे, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदींचे. शेवटच्या आकड्यापासून मागे मागे जात प्रत्येक फेरफाराची नक्कल काढायची. पीकपाहणीच्या बाजूला 'घर' किंवा 'घरपड' असा शेरा पहिल्यांदा कुठल्या वर्षी येतो ते पाहा. त्या वर्षी तिथे घर उभं होतं, एवढं त्यावरून पक्कं. शेरा नाही म्हणजे घर नव्हतं, असं मात्र नाही. तलाठ्याने मागच्या वर्षीचीच नोंद उतरवली असेल. ठाणे जिल्ह्याचे स्कॅन केलेले बरेच जुने अभिलेख महसूल विभागाच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर मिळतात, तहसीलच्या अभिलेख कक्षात खेपा घालण्याआधी तिथे पाहून घ्या. गावाचं नाव जुन्या लिखाणात वेगळं असू शकतं, तेव्हा दोन-तीन प्रकारे टाकून बघा.

सिडकोच्या संपादनात गेलेलं घर असेल, तर वाईट वाटून घेऊ नका, त्याचेच कागद सर्वांत चोख असतात. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची, आणि नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घेण्याचं ठरलं. संपादनाच्या निवाड्यात आणि संयुक्त मोजणीत जमिनीबरोबर बांधकामं, विहिरी, झाडं यांचीही नोंद आणि मोबदला येतो. 'कौलारू घर, कुडाच्या भिंती' असा उल्लेख आणि त्यासोबत आंब्या-चिंचेची मोजदाद सापडते. ही दप्तरं भूसंपादनाच्या 'मेट्रो सेंटर' नावाच्या कार्यालयांतली. अर्जात गाव, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर आणि शक्य असेल तर निवाड्याचा क्रमांक द्या. नुसत्या नावावर कोणी शोधून देणार नाही.

खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र यांसाठी दुय्यम निबंधक कार्यालय. तिथे सूची क्रमांक १ व्यक्तीच्या नावावर आणि सूची क्रमांक २ मिळकतीवर लागते. गुरुजींचं नाव माहीत असेल तर १, फक्त जागा माहीत असेल तर २. ऑनलाइन शोध अलीकडच्या दशकांपुरताच, आधीचं सगळं वह्यांत. शोधाची फी वर्षांच्या हिशोबाने वाढते, म्हणूनच शाळेचं काम आधी करायला सांगितलं: 'सन १९५२ ते १९५८' असा टप्पा हाती असला की खर्च आणि कारकुनाचा वैताग दोन्ही कमी.

जुना दस्त मोडीत असू शकतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी वापरात होती. मोडी वाचणाऱ्याकडे नेताना मूळ दस्त हातात देऊ नका; सपाट ठेवून, सावली न पाडता काढलेला फोटो द्या. लिप्यंतर ओळीला ओळ घ्या, नुसता सारांश नको. सारांशात चतुःसीमा, म्हणजे चारही बाजूंना काय आहे ते, गळतात, आणि आपल्याला त्याच हव्या असतात: 'पूर्वेस शाळेची जागा' एवढ्या तीन शब्दांवर सगळा शोध सुटू शकतो. सालात शके असेल तर ७८ मिळवा. पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंतची तिथी असेल तर ७९. फसली, म्हणजे जुनं महसुली साल, असेल तर ५९०, पण फसली वर्ष पावसाळ्याच्या तोंडावर बदलतं, म्हणून एका वर्षाचा फरक धरूनच चाला.

आता माहिती अधिकाराबद्दल. अर्जाला १० रुपये, प्रतीला पानामागे २ रुपये. पण साध्या नक्कल अर्जाने मिळणारी गोष्ट माहिती अधिकारात मागू नका, उगाच तीस दिवस जातात. कागद 'आढळून येत नाही' म्हणाले, तर दप्तर पाहण्याची परवानगी मागा. अर्ध्या वेळी कागद असतो, फक्त शेजारच्या गावाच्या गठ्ठ्यात बांधलेला असतो.

घरपट्टी आणि वीज

ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरांच्या कर आकारणीची नोंदवही. महसुली आठ-अ, म्हणजे जमिनीच्या खात्याचा उतारा, वेगळा, त्याच्याशी गल्लत करू नका. या वहीत घर नंबर, मालक, भोगवटादार, लांबी-रुंदी आणि बांधकामाचा प्रकार असतो. मालक आणि भोगवटादार हे दोन वेगळे रकाने आहेत, हेच आपलं नशीब: मालक म्हणून पाटील आणि भोगवटादार म्हणून गुरुजी, असं फक्त याच कागदावर एका ओळीत दिसू शकतं. फेरआकारणीच्या प्रत्येक वर्षाचा उतारा मागा. घर नंबर प्रत्येक आकारणीत बदलतो, म्हणून दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांच्या ओळीही उतरवा.

विजेच्या बिलावर 'पुरवठा दिनांक' छापलेला असतो. तो जुना असेल तर घरात वीज कधी आली ते कळलं. मीटर नवीन नावावर घेतलं असेल तर ती तारीख निरुपयोगी.

घर वाचायचं कसं

सोबत तीस मीटरची टेप, चौकटीची वही, विजेरी, लोहचुंबक आणि दुसरा माणूस. एकट्याने टेप धरली की ती झोळ घेते आणि माप फुगतं. आधी घर बाहेरून मोजा, मग प्रत्येक खोली आतून, आणि प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण. कर्ण सारखे नसतील तर एखादी भिंत नंतर जोडलेली असू शकते. बाहेरच्या आणि आतल्या मापांच्या फरकातून भिंतींची जाडी येते. ओटीची भिंत दीड फूट आणि मागच्या पडवीची नऊ इंच आली, तर पडवी वेगळ्या काळातली.

मग कागदाशी ताडा. एक गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. जुन्या शिटवर क्षेत्र चौरस वारात असतं. एक चौरस वार म्हणजे ०.८३६१ चौरस मीटर. उदाहरण घ्या. पत्रिकेवर ११२ चौरस वार, म्हणजे १००८ चौरस फूट, म्हणजे २४ बाय ४२ चं घर. आज बाहेरून मोजलं तर २४ बाय ५४ भरतं. जास्तीचे बारा फूट नेमके कुठल्या बाजूला ते वर सांगितल्याप्रमाणे भिंतीच्या जाडीने आणि कर्णांनी शोधा. मागची पडवी निघाली, तर ती सर्व्हेनंतर वाढवली. 'गुरुजी पडवीत शिकवणी घेत' असं गावात सांगत असतील, तर शिकवणीचा काळ सर्व्हेच्या नंतरचा किंवा पडवी वेगळी. यातलं काहीतरी एक चूक आहे, ते कुठलं ते इतर कागदांवरून ठरेल.

छपरावर चढायची गरज नाही, परसात पडलेली फुटकी कौलं उलटून पाहा. मंगलोरी कौलाच्या पोटावर कारखान्याचं नाव असतं. कौलांचे कारखाने चालवणाऱ्या बासेल मिशनच्या कौलावर १८६५ असा आकडा दिसतो आणि घरमालक आनंदाने घर दीडशे वर्षांचं झाल्याचं सांगतात. तो आकडा कारखाना सुरू झाल्याचा आहे, कौल भाजल्याचा नव्हे. 'कॉमनवेल्थ' असा छाप असेल तर कौल १९१९ नंतरचं, कारण पहिल्या महायुद्धानंतर ते कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. तरीही कौल घराचं वय सांगत नाही, शेवटच्या शाकारणीचं सांगतं. त्यातही लोक पाडलेल्या घराची कौलं आणून लावत. एका छपरावर तीन छाप सापडले, तर तीन साल नव्हेत, तीन जागांहून आणलेला माल.

लाकडाचंही तेच. खांबाला किंवा तुळईला अशा जागी खाच असेल जिथे काहीच येऊन बसत नाही, तर ते लाकूड दुसऱ्या घरातून आलं आहे. दाराच्या गणेशपट्टीवर शके कोरलेलं असेल तर पट्टी चौकटीच्याच लाकडाची आहे का, ते रेषांवरून पाहा.

भिंतीच्या रंगाचे थर पाहायचे असतील तर कपाटामागची किंवा दाराच्या आडची दोन बाय दोन इंचांची जागा घ्या. पाण्याने ओली करून बोथट पात्याने पायऱ्या-पायऱ्यांनी खरवडा, म्हणजे प्रत्येक थराची एक पट्टी उघडी राहील. तळाशी शेण-मातीचा सारवलेला थर, वर चुना, मग नीळ घातलेला चुना, मग डिस्टेंपर, मग ऑईलपेंट असा क्रम सहसा दिसतो. थर मोजून वर्षं काढू नका. घर दिवाळीला रंगवत, लग्नाला रंगवत, आणि मधली दहा वर्षं नुसतंच ठेवत. पण थरांमध्ये काळा सपाट पट्टा लागला, माणसाच्या छातीपासून डोक्यापर्यंतच्या उंचीचा आणि चार-पाच फूट लांब, तर हात थांबवा. तो भिंतीवर रंगवलेला फळा असू शकतो. काजळी पाण्याने पसरते. तिथून पुढे कोरडं काम करा आणि आधी फोटो काढा.

दाराच्या वर किंवा ओटीच्या भिंतीवर फिकट आकडे असतात. काही जनगणनेच्या घरक्रमांकाचे, काही हिवताप निर्मूलनाच्या फवारणीचे. राष्ट्रीय हिवताप निर्मूलन कार्यक्रम १९५८ चा, फवारणी करणारे भिंतीवर तारीख टाकून जात. असा एक आकडा म्हणजे त्या दिवशी ती भिंत उभी होती याचा पुरावा. कित्येक दस्तांपेक्षा तो मोलाचा, आणि घर रंगवायला काढलं की पहिला तोच जातो.

माणसांना काय विचारायचं

'कोणत्या साली?' हा प्रश्न विचारूच नका. समोरचा माणूस तुम्हाला बरं वाटावं म्हणून काहीतरी साल सांगतो. 'तेव्हा तुम्ही कितवीत होता?' असं विचारा. इयत्ता जनरल रजिस्टराशी पडताळता येते. इयत्ता आठवत नसेल तर खुणेची घटना द्या: नवे पैसे आले (१९५७), कोयनेचा भूकंप झाला (डिसेंबर १९६७), वाशीचा खाडीपूल सुरू झाला (१९७३), जासईचा गोळीबार झाला (जानेवारी १९८४). 'गुरुजी त्याआधी गेले की नंतर?' याचं उत्तर बहुतेक जण ठामपणे देतात.

बायकांना वेगळं विचारा, पुरुषमंडळी उठून गेल्यावर. गुरुजींच्या घरात पाणी कुठल्या विहिरीचं येई, चूल कुठल्या बाजूला होती, बाळंतपण कुठल्या खोलीत झालं, हे पुरुषांना ठाऊक नसतं, आणि घराचा नकाशा याच माहितीने भरतो. नकाशाची कोरी बाह्यरेषा काढून न्या आणि त्यांच्याच हाताने खुणा करून घ्या. आगरी बोलीत वटी म्हणाल्या तर वटीच लिहा, ओटी करू नका.

गाव कसं होतं हे बाहेरून पाहायचं असेल तर १८८२ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा तेरावा खंड ठाण्यावरचा आहे. १९६१ च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत गावात शाळा, टपाल होतं का ते मिळतं. एक इंची (मैलाला एक इंच) सर्व्हे नकाशांपैकी ठाणे शहर ४७ ए/१६ वर, बेलापूर ४७ ई/४ वर, पनवेल ४७ एफ/१ वर. ७३ अंश रेखांश खाडीकाठाजवळून जातो आणि ऐरोली-घणसोलीसारखी गावं नकाशाच्या अगदी कडेला येतात, म्हणून पहिले दोन्ही नकाशे घ्या. जुन्या स्थानिक नियतकालिकांसाठी १८९३ पासून चालू असलेलं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, आणि सरकारी जुन्या दप्तरासाठी मुंबईतलं पुराभिलेखागार.

जुळवणी आणि जपणूक

तीन उभे रकाने आखा: साल, घर, माणूस. प्रत्येक नोंदीपुढे एक खूण ठेवा: 'का' म्हणजे कागद स्वतः पाहिला, 'ऐ' म्हणजे ऐकीव, 'अं' म्हणजे आपला अंदाज. घराच्या आणि माणसाच्या रकान्यांत एकाच सालापुढे 'का' आली, की तो सांधा पक्का. दोन्हीकडे 'ऐ' असेल तर घरावर फलक लावायची घाई करू नका. फलकावरचं चुकीचं साल पुढच्या पिढीत पुरावा म्हणून वापरलं जातं. हयात माणसांच्या जन्मतारखा आणि जनरल रजिस्टरातले जातीचे रकाने लेखात छापायचे नाहीत.

मिळालेल्या मूळ कागदांना लॅमिनेशन करू नका, ते परत उघडत नाही आणि आतला ओलावा शाई खातो. चिकटपट्टीही नको. खाडीच्या हवेत कागद जून ते सप्टेंबर फुगतो, म्हणून घड्या उलगडून, मधे साधा पांढरा कागद घालून, पत्र्याच्या पेटीत सपाट ठेवा आणि पेटी जमिनीपासून विटेवर उचला. वाळवी भिंतीकडून येते, तेव्हा पेटी भिंतीपासून वीतभर लांब. पाठीवर क्रमांक टाकायचा तर मऊ पेन्सिलीने, कोपऱ्यात. दिवाळीच्या साफसफाईला पेटी उघडून कागद सावलीत तासभर पसरा, उन्हात नाही.